दंड आणि अभयवचन : क्रॉफर्ड प्रकरण व पुण्याचे लोकमत (१८८८-८९)

१

राज्यकारभारात घडणाऱ्या अन्यायाचे परिमार्जन करू पाहणाऱ्या लोकांपुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. ज्या व्यवस्थेतून अन्याय उद्भवला ती व्यवस्था बदलावयाची, हा एक. आणि ज्या अधिकाऱ्याच्या हातून तो घडला त्याचे नाव घेऊन त्याला दंड करवावयाचा, हा दुसरा. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यास धीर लागतो. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास पुरावा लागतो. पुरावा म्हणजे केवळ कागदपत्र नव्हे. आपल्या वरिष्ठाविरुद्ध, आपले नाव न लपविता, उघड बोलावयास तयार असलेला माणूस मिळणे हा या मार्गावरील पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा होय.

अलीकडच्या जागतिक राजकारणात या दुसऱ्या मार्गाला मोठे महत्त्व आले आहे. सर्गेई मॅग्नित्स्की या मॉस्कोतील कर-सल्लागाराने २००८ साली पोलीस अधिकाऱ्यांची नावे घेऊन सरकारी तिजोरीच्या अपहाराविषयी जबानी दिली; त्याच वर्षी त्याला अटक झाली व नोव्हेंबर २००९ मध्ये तो कोठडीत मरण पावला. त्याच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या प्रयत्नांमुळे अमेरिकेने २०१२ साली दोषी अधिकाऱ्यांवर नावानिशी निर्बंध घालणारा कायदा केला व २०१६ साली त्याची व्याप्ती सर्व देशांपुरती वाढविली. युरोपीय संघाने २०२० साली तशीच तरतूद केली. २०२२ साली युक्रेनवर रशियाचे सर्वंकष आक्रमण झाल्यावर युद्धास पाठबळ देणारे अधिकारी व धनिक यांची मालमत्ता गोठविणे, त्यांना प्रवेशबंदी करणे, हे उपाय मोठ्या प्रमाणावर योजले गेले. या साऱ्या कायद्यांचा आरंभ एका साक्षीदाराच्या मृत्यूपासून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुणे शहराच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट दर्शन १८८८-८९ च्या क्रॉफर्ड प्रकरणात घडते. लोकमान्य टिळकांच्या चरित्रातील एक प्रारंभीचे प्रकरण म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. परंतु त्यातील मूळ तत्त्वाचा विचार क्वचितच होतो. ते तत्त्व असे की, मोठ्या अधिकाऱ्यास दंड करविण्याच्या प्रयत्नाचे यशापयश अखेर लहान साक्षीदारास मिळणाऱ्या अभयावर अवलंबून असते. हे अभय डळमळले की दंडाचा भार वरून खाली सरकतो आणि ज्याने सत्य सांगितले त्याच्याच माथी येऊन बसतो.

२

क्रॉफर्ड प्रकरणाच्या आधी पुण्यातील व मुंबईतील लोकमताला या दोन्ही मार्गांचा काही अनुभव आलेला होता. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० रोजी झाली, ती पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून. देवस्थानाचे पंच आपले काम नीट करीत नाहीत, तेव्हा त्यांच्याविरुद्ध कोणी व कोणाच्या वतीने बोलावे, हा तेव्हाचा प्रश्न होता. त्यावर निघालेला उपाय वैशिष्ट्यपूर्ण होता. सभेच्या प्रत्येक सभासदाने निदान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम ठरला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या या संस्थेने तक्रारीला प्रातिनिधिक अधिष्ठान मिळवून दिले. एकट्याने बोलण्यातील धोका अनेकांत वाटून घेण्याची ही युक्ती होती.

मुंबईत १८७१ साली याच्या उलट एक वाद उपस्थित झाला. तेथे १८६५ च्या कायद्यान्वये नेमलेल्या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरने शहराचा कायापालट केला खरा, पण खर्च उत्पन्नाच्या फार पुढे गेला. करदात्यांचा रोष त्या अधिकाऱ्यावर वळला. त्या प्रसंगी तरुण फिरोजशहा मेहता यांनी वाचलेल्या निबंधात वेगळीच भूमिका मांडली. दोष एकट्या कमिशनरचा नसून त्याच्यावर देखरेख ठेवण्यात कुचराई करणाऱ्या जस्टिसांच्या मंडळाचा आहे, म्हणून अधिकारी बदलण्यापेक्षा लोकनियुक्त मंडळ आणावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना ते रुचले नाही. तथापि, १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला, तो याच विचारसरणीस अनुसरून. व्यवस्था सुधारली, आणि अधिकारी दुसऱ्या पदांवर चढत गेला. त्या अधिकाऱ्याचे नाव आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड.

तिसरा अनुभव पुणेकरांच्या जिव्हारी लागलेला होता. 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली. थोड्याच काळात कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांच्या छळाविषयी त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर नाव घेऊन आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे हे आरोप केले ती पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ साली ४ महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेतली नाही, पण न्यायालयात हेतू पुरावा म्हणून चालत नाही. नाव घ्यावयाचे तर आधार पक्का हवा, हा धडा या दोन संपादकांनी स्वतःच्या शरीरकष्टांनी घेतला होता.

३

क्रॉफर्ड हे १८८८ साली मध्य विभागाचे कमिशनर असून त्यांचे ठाणे पुण्यास होते. हे पद नेमके किती वजनाचे होते हे कळल्यावाचून प्रकरणाचा उलगडा होत नाही. तालुक्याचा मामलेदार हा महसुली अधिकारी तर होताच, शिवाय त्याच्या हाती दंडाधिकाऱ्याचे अधिकार होते. रयतेच्या दृष्टीने सरकार म्हणजे मामलेदार. या मामलेदाराची नेमणूक, बढती, बदली आणि निलंबन ही कमिशनरच्या शब्दावर अवलंबून असत. बदलीचा एक हुकूम माणसाला घराजवळ आणी अथवा दूरच्या रोगट तालुक्यात धाडी. पगार मर्यादित, कुटुंबे मोठी, आणि वरिष्ठाच्या निर्णयावर दाद मागण्याची सोय जवळजवळ नाही, अशा स्थितीत बदली व बढती यांना किंमत येणे अपरिहार्य होते.

क्रॉफर्ड बुद्धिमान, धडाडीचे व मनमिळाऊ होते, असे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. परंतु त्यांचा खर्च अफाट होता व ते कर्जात बुडालेले होते. त्यांच्या वतीने हणमंतराव नावाचा मध्यस्थ मामलेदारांकडून पैसे घेतो, ही कुजबुज दख्खनच्या जिल्ह्यांतून पुष्कळ दिवस चालू होती. कुजबुज व आरोप यांत मोठे अंतर असते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणालाच सांगता येत नाही, अशी ती अवस्था होती. पैसे देणारा मामलेदार जर बोलता, तर भारतीय दंडसंहितेप्रमाणे तो स्वतः लाचेस साहाय्य करणारा गुन्हेगार ठरता. शिवाय पदांच्या विक्रीस मनाई करणारा १८०९ चा इंग्रजी कायदा होता. त्यान्वये पद विकत घेणारा त्या पदास अपात्र होई. गप्प राहण्यात बेअब्रू होती, पण बोलण्यात सर्वनाश होता.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे हे १८८५ साली आलेले. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यास असे, व गणेशखिंडीतील ज्या प्रासादात आज विद्यापीठ आहे तेथे गव्हर्नर राहत. आपल्याच सेवकवर्गातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध चौकशी करण्याचा निर्णय रे यांच्या सरकारने घेतला, हे त्या काळाच्या मानाने असामान्य होते. चौकशीचे काम पोलीस खात्याचे मुख्य अधिकारी ओमॅनी यांच्याकडे सोपविण्यात आले. जे मामलेदार खरे सांगतील त्यांच्यावर खटला होणार नाही व त्यांना पदाचीही झळ लागणार नाही, असे आश्वासन सरकारच्या संमतीने ओमॅनी यांनी दिले. साक्षीदार पुढे आले, ते या वचनावर विसंबून.

या वचनाचे कायदेशीर स्वरूप दुबळे होते. फौजदारी कार्यपद्धतीच्या १८८२ च्या संहितेत गुन्ह्यातील साथीदारास माफी देऊन साक्षीदार करण्याची तरतूद होती, पण ती केवळ सत्र न्यायालयात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्यांपुरती. लाचेचा गुन्हा तीत बसत नव्हता. म्हणजे मामलेदारांना मिळालेले अभय कायद्याचे नसून सरकारच्या शब्दाचे होते. पुढील सर्व वादाचे बीज येथे आहे.

४

हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्ड निलंबित झाले, आणि आत्महत्येचा आभास निर्माण करून वेषांतराने पुण्याहून मुंबईस गेले असता तेथे पकडले गेले. त्यांच्यावर मात्र साध्या न्यायालयात खटला झाला नाही. सरकारी नोकरांच्या चौकशीसंबंधीच्या १८५० च्या कायद्यान्वये एक आयोग नेमण्यात आला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन हे त्याचे अध्यक्ष, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे दोन मुलकी अधिकारी सभासद होते. ऑक्टोबर १८८८ मध्ये या आयोगाचे काम पुण्यात सुरू झाले. एका तालुक्यामागून दुसऱ्या तालुक्याचा मामलेदार उभा राहून, आपण किती पैसे, कोणाच्या हाती, कशासाठी दिले, हे भर सभेत सांगू लागला. पुणेकरांना हे दृश्य अपूर्व होते.

१८८९ च्या आरंभी आयोगाचा निर्णय आला. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. मात्र आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे घेऊन क्रॉफर्ड यांनी नोकरीचे नियम मोडले, असे आयोगाने ठरविले. साक्षीदार हे गुन्ह्यातील साथीदार होते, आणि साथीदाराची साक्ष स्वतंत्र पुष्टीवाचून विश्वसनीय मानू नये, हा पुराव्याच्या कायद्यातील दंडक प्रसिद्ध आहे. पैसे हणमंतरावापर्यंत गेले हे दिसले, परंतु तेथून पुढे कमिशनरच्या हाती गेले की नाही, या शेवटच्या पायरीवर पुरावा अडला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष मान्य नव्हता. अखेरीस भारतमंत्र्यांनी लाचेच्या आरोपांतून झालेली मुक्तता कायम ठेवून, कर्जाच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून काढून टाकले.

या निर्णयाशी १८७५ च्या बडोदे प्रकरणाची तुलना उद्‌बोधक ठरते. मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. चौकशी मंडळातील ३ इंग्रज व ३ हिंदी सभासदांत मतभेद झाला, म्हणजे आरोप निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. तरीही गैरकारभाराच्या कारणावरून महाराजांना पदच्युत करण्यात आले. दोन्ही प्रसंगी मुख्य आरोप बाजूस राहिला आणि दंड दुय्यम कारणावरून झाला. मात्र एकाचे राज्य गेले, दुसऱ्याची नोकरी. क्रॉफर्ड पुढे इंग्लंडला गेले आणि त्यांनी आठवणींची पुस्तके लिहिली. १८९७ साली पुण्यातील व दख्खनमधील अशांततेविषयीही त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याच्यावर पुण्याने बोट ठेवले होते तो आता पुण्याचे दोष इंग्रज वाचकांस समजावून सांगत होता.

५

क्रॉफर्ड यांचा विषय संपला, पण त्यांच्याविरुद्ध बोललेल्या मामलेदारांचा विषय तेथूनच सुरू झाला. लाच दिल्याचे ज्यांनी शपथेवर कबूल केले ते तालुक्यात दंडाधिकारी म्हणून कसे बसू शकतात, असा प्रश्न अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी व पार्लमेंटातील काही सभासदांनी उपस्थित केला. नीतीच्या दृष्टीने हा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच्या मागे, एका गोऱ्या अधिकाऱ्याला एतद्देशीय साक्षीदारांच्या तोंडून आरोपी व्हावे लागले, याची चीडही होती. रे यांचे सरकार दिलेल्या शब्दास जागण्याच्या मताचे होते. कलकत्त्याचे व लंडनचे सरकार मात्र तो शब्द संपूर्णपणे पाळण्यास तयार नव्हते.

अशा वेळी पुण्यातील लोकमताने एक अनपेक्षित भूमिका घेतली. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात जाहीर सभा भरली, तीत तेहतीस वर्षांचे टिळक पुढाकार घेऊन बोलले. 'केसरी' व 'मराठा' यांतून हा प्रश्न आधीपासूनच चालविला जात होता, आणि इंग्लंडातील विल्यम डिग्बी यांच्यासारख्या हितचिंतकांशी पत्रव्यवहार करून तो पार्लमेंटपर्यंत पोहोचविण्याचा प्रयत्न झाला. सामान्यतः सरकारवर टीका करणारी पुण्याची पत्रे येथे मुंबई सरकारच्याच वचनाचे समर्थन करीत होती.

या बाजूच्या युक्तिवादात तीन मुद्दे होते. पहिला असा की, वचन सरकारने दिले आहे. त्यातील अधिकाराची त्रुटी सरकारची आहे, साक्षीदाराची नव्हे. ज्याने विश्वास ठेवला त्याने विश्वासघाताची किंमत मोजावी, हा न्याय होऊ शकत नाही. दुसरा मुद्दा असा की, हाताखालच्या माणसाने वरिष्ठाच्या धाकाने दिलेले पैसे आणि स्वार्थापोटी आपण होऊन देऊ केलेले पैसे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तिसरा मुद्दा भविष्याविषयीचा होता. आज हे मामलेदार बळी पडले, तर उद्या कोणत्याही जिल्ह्यात कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध एकही माणूस तोंड उघडणार नाही.

इंग्लंडच्या इतिहासात याला तंतोतंत जुळणारे उदाहरण होते. लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड यांच्यावर चॅन्सरी न्यायालयातील पदे विकल्याबद्दल १७२५ साली पार्लमेंटपुढे महाभियोग चालला. ते दोषी ठरून त्यांना ३०,००० पौंडांचा दंड झाला. पैसे देऊन पदे घेतलेल्या ज्या अधिकाऱ्यांच्या साक्षींवर आरोप उभा होता, त्यांच्या संरक्षणासाठी पार्लमेंटने साक्षीआधीच खास कायदा केला होता. तेथे अभय आधी व साक्ष नंतर असा क्रम होता. पुण्यात साक्ष आधी झाली आणि कायद्याचे अभय नंतर शोधावे लागले.

ते अभय अर्धेच मिळाले. १८८९ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने या साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा खास कायदा संमत केला. परंतु पदाचे संरक्षण सर्वांना मिळाले नाही. जबरदस्तीमुळे पैसे दिले असे जे ठरले ते नोकरीत राहू शकले. लाभासाठी आपण होऊन दिले असे जे ठरले त्यांना आर्थिक भरपाई देऊन दूर करण्यात आले. टिळकपक्षाने केलेला भेद सरकारने स्वीकारला, पण तो साक्षीदारांना वाचविण्यासाठी नव्हे तर वेगळे काढण्यासाठी वापरला. प्रकरणाचा अंतिम हिशेब मांडला तर असे दिसते की, मध्यस्थ तुरुंगात गेला, साक्षीदारांपैकी काहींचे पद गेले, आणि मुख्य आरोपी लाचेच्या कलंकातून कायद्याच्या दृष्टीने मुक्त झाला.

६

पुण्याच्या या चळवळीचे मूल्यमापन करताना एका आक्षेपाचा विचार टाळता येत नाही. मामलेदारांनी दिलेले पैसे आले कोठून? मर्यादित पगारातून मोठ्या रकमा देणारा अधिकारी त्या भरून काढावयास रयतेकडेच वळणार, हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात १८८३ सालीच खालच्या सरकारी नोकरवर्गाकडून शेतकऱ्याच्या होणाऱ्या नागवणुकीचे चित्र रेखाटले होते. त्या दृष्टीने पाहता क्रॉफर्ड प्रकरणातील खरा पीडित शेतकरी होता, आणि तो आयोगापुढे कधीच उभा राहिला नाही. ज्या सुशिक्षित वर्गातून मामलेदार येत, त्याच वर्गातून पुण्याचे संपादक व वक्तेही आलेले होते. तेव्हा ही चळवळ न्यायासाठी होती की स्वकीयांच्या बचावासाठी, असा प्रश्न विचारला गेला तर तो अप्रस्तुत ठरू नये.

या आक्षेपात तथ्य आहे, पण तो पूर्णपणे टिकत नाही. मामलेदार निर्दोष होते असे टिळकांच्या बाजूचे म्हणणे नव्हते; त्यांचे म्हणणे वचनाविषयीचे होते. किंबहुना साक्षीदार निष्कलंक नसतो, हीच अशा प्रकरणांतील नेहमीची स्थिती होय. लाचखोरीचा व्यवहार बंद दाराआड दोघांत होतो, आणि तिसऱ्याला तो दिसत नाही. त्या दोघांपैकी एकास अभय दिल्यावाचून दुसऱ्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तर निष्कलंक साक्षीदाराची अट घालणे म्हणजे मोठ्या अपराध्यास कायमची मोकळीक देणे होय. चळवळीचे वैगुण्य मामलेदारांची बाजू घेण्यात नव्हते. मामलेदारांच्या अभयाबरोबर रयतेच्या नुकसानभरपाईचीही मागणी केली गेली असती, तर तिचा पाया अधिक रुंद झाला असता.

योगायोगाची एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याचे रे मार्केट, म्हणजे आरोपीच्या नावाची बाजारपेठ व आरोप ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या नावाची बाजारपेठ, या दोन्ही आता महात्मा फुले यांच्या नावाने ओळखल्या जातात. आयोगापुढे ज्याची साक्ष झाली नाही त्या शेतकऱ्याचा माल दोन्हीकडे येत राहिला आहे.

७

१८८९ चा परिणाम पुढे कसा झाला हे १८९७ च्या प्लेगच्या प्रसंगावरून काहीसे दिसून येते. पुण्यातील प्लेग-समितीचे प्रमुख रँड यांच्या देखरेखीखाली सोल्जरांनी घरे तपासली, त्या वेळी झालेल्या अतिरेकांविषयी शहरात संताप होता. वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रांत स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप केले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली, आणि सारे वातावरण पालटले. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत ठेवले गेले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. त्याच सुमारास परतलेल्या गोखल्यांना सरकारने पुरावा मागितला, तेव्हा त्यांना माहिती पुरविणारांपैकी कोणी नाव जाहीर करून उभे राहावयास तयार नव्हते. गोखल्यांनी बिनशर्त क्षमायाचना केली आणि तिची बोचणी त्यांना पुढे दीर्घकाळ सोसावी लागली.

१८८९ च्या निर्णयामुळेच १८९७ चे साक्षीदार गप्प राहिले, असा सरळ कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. दहशतीचे तात्कालिक कारण पुरेसे होते. परंतु सरकारविरुद्ध बोलणाराचे काय होते, याची आठ वर्षांपूर्वीची हकीकत पुण्यात सर्वांना ठाऊक होती, एवढे निश्चित. १८८२, १८८९ व १८९७ हे तीन प्रसंग एकत्र ठेवले तर एक सूत्र हाती लागते. पहिल्या प्रसंगी पुरावा खोटा निघाला, दुसऱ्या प्रसंगी पुरावा खरा असूनही अपुरा ठरला, तिसऱ्या प्रसंगी पुरावा पुढेच आला नाही. तिन्ही वेळा ज्यांनी अधिकाऱ्याचे नाव घेतले वा ज्यांनी साक्ष दिली, त्यांना काही ना काही दंड झाला. गोखल्यांना माफी मागावी लागली, टिळकांना दोनदा तुरुंगात जावे लागले, मामलेदारांना पद सोडावे लागले.

स्वतंत्र भारताच्या विधिमंडळालाही हाच प्रश्न सोडवावा लागला आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ याच्या २४ व्या कलमान्वये लाच देणाराने दिलेल्या निवेदनावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. म्हणजे १८८९ साली पुण्याने मागितलेले अभय सर्वसाधारण कायद्याचा भाग झाले होते. या तरतुदीचा फायदा निर्ढावलेले लाच देणारेही घेऊ शकत, ही तिची दुसरी बाजू. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकण्यात आले आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने ७ दिवसांच्या आत तपासयंत्रणेस कळविल्यास त्याला गुन्हा लागत नाही, असा अपवाद ठेवला गेला. सक्तीने देणारा व स्वखुशीने देणारा यांतील जो भेद टिळकांच्या बाजूने मांडला गेला होता, तो येथे पुन्हा आढळतो.

तथापि, क्रॉफर्ड प्रकरणातील मामलेदारांना ही ७ दिवसांची मुदत लावून पाहिली म्हणजे तिची मर्यादा स्पष्ट होते. त्यांनी ज्या वरिष्ठाच्या हाती आपली उपजीविका होती त्याला पैसे दिले, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची जागा चौकशी सुरू होईपर्यंत अस्तित्वातच नव्हती. सात दिवसांत त्यांतील एकही बोलू शकला नसता. वरिष्ठाची सत्ता अबाधित असेतो कनिष्ठ गप्प असतो, आणि ती डळमळली की मग बोलतो. हा भित्रेपणा असेल, पण चौकशीचा आरंभ बहुधा अशा उशिरा मिळालेल्या धैर्यानेच होतो. अधिकाऱ्यांना नावानिशी दंड करवू पाहणाऱ्या कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील चळवळीने दोषी व्यक्तींच्या यादीबरोबरच आपल्या साक्षीदारांचीही यादी करावी, आणि दुसऱ्या यादीतील लोकांचे संरक्षण पहिल्या यादीच्या आधी निश्चित करून घ्यावे, हा १८८९ च्या पुण्याच्या अनुभवाचा निष्कर्ष होय.